न येण्याची मुभा

२२ डिसेंबर २०२४, रविवार

ह्यूस्टनहून कानकूनचं विमान वेळेवर निघालं आणि वेळेवर पोचलं. अमेरिकेचा व्हिसा असला की आपल्याला मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, तरी माझा पासपोर्ट तिथल्या बाईंनी पुन्हा पुन्हा उलटून पाहिला. घड्याळ एक तास पुढे केलं. विमानतळापासून दक्षिणेला, प्लाया देल कार्मेनच्या पुढे आमचं हॉटेल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बुटकं, दाट रान. डोंगर नाही, टेकडी नाही, नदीवरचा एकही पूल लागला नाही. मी मुलाला म्हटलं, नद्या कुठे आहेत रे? मग आठवलं, युकातानचा हा सगळा प्रदेश चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी थेट खाली मुरतं, नद्या वाहतात त्या जमिनीच्या पोटातून. जिथे वरचं छत कोसळलं तिथे पाण्याने भरलेले डोह, त्यांनाच इथे सेनोते म्हणतात.

हॉटेलच्या आवारात चिकूचं झाड दिसलं. डहाणू-घोलवडच्या बागांमधलं हे झाड मूळचं याच भागातलं. माया लोक याचा चीक चघळत, पुढे अमेरिकेतलं च्युइंगगम याच चिकावर उभं राहिलं. खोडावर तिरप्या चिरांचे जुने वण होते. मी बराच वेळ त्या खोडाला हात लावून उभी होते.

नात नऊ वर्षांची. तिचं या सहलीत एकच काम आहे: डॉल्फिनला भेटणं. तिच्या वहीत तीन प्रश्न लिहून आणलेत. डॉल्फिन झोपतात कधी? समुद्राचं पाणी खारट, मग ते पितात काय? आणि तिसरा, यांची आई कुठे असते?

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी न्याहारीला जमैकाचं लाल सरबत होतं. एक घोट घेतला आणि ओळखलं, ही आपली लाल अंबाडी.

दुपारी मुलं झोपल्यावर सून बाल्कनीत येऊन बसली. "आई, तुम्हाला उद्याचं डॉल्फिनबरोबर पाण्यात उतरणं पटत नाहीये ना? स्पष्ट सांगा." मी स्पष्टच सांगितलं. रत्नागिरीत जन्म गेला, मिऱ्याच्या समुद्रात डॉल्फिन पाहत मोठी झाले, शाळेत जीवशास्त्र शिकवलं. २०१३ च्या मे महिन्यात आपल्या पर्यावरण खात्याने देशात कुठेही डॉल्फिनचे खेळ चालू करायला परवानगी द्यायची नाही असं राज्यांना कळवलं, त्याची बातमी मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली होती. तेव्हा सिंधुदुर्गातही असं काही उभारण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. त्याआधी, १९९८ च्या सुमारास, चेन्नईजवळच्या एका पार्कात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. काही महिन्यांत मेले. पर्यावरण खात्याच्या त्या परिपत्रकात असंही होतं की डॉल्फिनची बुद्धी पाहता काही शास्त्रज्ञ त्यांना माणसाखेरीजच्या व्यक्ती मानावं म्हणतात. सरकारी कागदात असं काही वाचायला मिळेल याची मी कल्पनाही केली नव्हती. मुलांनी त्या दिवशी जे प्रश्न विचारले तसे पुन्हा कधी कुणी विचारले नाहीत.

सून ऐकत होती. म्हणाली, "मग रद्द करू या का?"

मी नको म्हटलं. पोरीने वर्षभर वाट पाहिली आहे. तिला त्या प्राण्याचं जे वेड आहे ते मला मौल्यवान वाटतं. त्या वयात असं वेड लागलं म्हणून मी जीवशास्त्राकडे वळले. तिला तोंडी निकाल ऐकवून घरी बसवायचं नाही. तिने डोळे उघडे ठेवून बघावं. मीही पाण्यात उतरणार, असं सांगितल्यावर सून हसली आणि मला पोहण्याचे कपडे आणायला खाली दुकानात घेऊन गेली.

२४ डिसेंबर, मंगळवार

दहाची वेळ होती. आधी छपराखाली बसवून सूचना. अंगठ्या, घड्याळं, केसांच्या पिना सगळं काढून कुलपात. माझ्या बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. अंगाला लावलेलं सनस्क्रीन धुऊन यायचं. डॉल्फिनच्या डोळ्यांजवळ आणि डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्राजवळ हात न्यायचा नाही. फोन आत नेता येत नाही. फोटो त्यांचाच माणूस काढणार आणि ते नंतर विकत घ्यायचे.

जागा समुद्राला लागूनच. लाकडी धक्के, आणि धक्क्यांच्या मध्ये जाळ्या सोडून केलेले मोठे चौक. पाणी समुद्राचंच, जाळीतून आतबाहेर होणारं. सिमेंटच्या तलावापेक्षा हे पुष्कळ बरं. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर जग ओळखतो. त्याला चारी बाजूंनी गुळगुळीत भिंतीच ऐकू येत राहतात. इथे निदान आवाज जाळीपलीकडे जात असेल. मग पलीकडचा समुद्र त्यांना रोज ऐकूही येत असेल, हेही मनात आलं आणि ते काही केल्या मनातून जाईना.

धाकटा नातू पाणी पाहूनच रडायला लागला, तो सुनेबरोबर धक्क्यावर राहिला. मुलगा, नात आणि मी नारिंगी जॅकेटं चढवून पाण्याखालच्या फळीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलो. प्रशिक्षक तबास्को राज्यातला, पंचविशीतला मुलगा, कमरेला मासळीचा डबा. त्याने हात पाण्यावर आडवा धरला आणि दोन डॉल्फिन त्याच्यासमोर डोकी काढून उभे राहिले. दोन्ही माद्या. एक तरुण, एक थोराड.

नातीच्या तोंडून आवाजच फुटेना. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून वळ आहे.

तरुण मादी आमच्या समोरून कुशीवर वळून हळूच गेली आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या अंगावरून हात फिरवला. धुतलेल्या वांग्याची साल असावी तसा स्पर्श; पण आतून ऊब, आणि कातडीखाली सरकणारा स्नायूंचा जोर. तिचा डोळा माझ्यावर होता. जनावराचा डोळा आपल्याकडे वळतो तेव्हा तो आपल्याला बघतोच असं नाही. ही बघत होती. माझं काळीज हललं. इथे येताना मनाशी काहीही धरून आलेलं असलं तरी त्या क्षणी मला फक्त तिच्या जवळ असावंसं वाटत होतं. ज्या माणसांना हा अनुभव आयुष्यभर पुरतो त्यांना मी आजपासून नावं ठेवणार नाही.

मग एकेक प्रकार. हाताच्या इशाऱ्यावर उडी आणि लगेच शिट्टी, गाल पुढे करणाऱ्याच्या गालाला तोंड लावणं, पाठीवरच्या पराला धरून माणसाला ओढत नेणं. नात तशी दोघींच्या मधून ओढली गेली तेव्हा ती हसतही होती आणि रडतही होती. शिट्टीचं शास्त्र मला ठाऊक होतं: शिट्टी म्हणजे "हेच हवं होतं" अशी नेमक्या क्षणाची खूण, मासळी त्यामागून. १९६०च्या दशकात हवाईतल्या सी लाइफ पार्कमध्ये कॅरेन प्रायर यांनी ही पद्धत फार बारकाईने वापरली, आणि आज कुत्र्यांनाही याच रीतीने शिकवतात. मारणं नाही, दटावणं नाही. त्या मुलाचा हात प्रेमळ होता, हे मी शपथेवर सांगेन.

थोराड मादीला त्याने पाठीवर उलटं होण्याची खूण केली. ती झाली नाही. त्याने पुन्हा खूण केली. ती वळली आणि चौकाच्या पार टोकाला, जाळीशी जाऊन पाण्यावर नुसती तरंगत राहिली. त्याने शिट्टी वाजवली नाही, रागावला नाही. इंग्रजीत म्हणाला, "तिची इच्छा नाही. आम्ही जबरदस्ती कधी करत नाही, सेन्योरा." आणि तरुण मादीला पुढे बोलावलं.

तो खरं तेच बोलत होता. पण मी तिच्याकडे बघत राहिले. तिची इच्छा नव्हती, आणि इच्छा नसताना जायला तिच्याजवळ तेवढीच जागा होती: आमच्यापासून पंचवीस-तीस हातांवरचा तो कोपरा. तिच्या पाठीवर समांतर रेघांचे पांढुरके वण होते. ते दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांचे. मोकळ्या समुद्रातही ते एकमेकांना असे दात लावतात, पण तिथे ज्याला नको असेल तो निघून जातो.

शेवटी प्रश्न. नातीने वहीतलं पाठ म्हणून दाखवलं. झोपेचं उत्तर त्याने छान दिलं: अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा राहून श्वासाकडे लक्ष ठेवतो, कारण डॉल्फिनचा प्रत्येक श्वास हा जाणून घेतलेला श्वास. पाण्याचं उत्तर देताना त्याने डबाच उघडला. पाणी माशांतूनच मिळतं. पण ही मासळी उत्तरेकडच्या थंड समुद्रातली, कॅपेलिन आणि हेरिंग, गोठवून आणलेली. गोठवल्याने पाण्याचा अंश आणि बी-वन जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून एका माशाच्या कल्ल्यात गोळी खोचून देतात आणि वर जिलेटिनचे तुकडे चारतात. कॅरिबियनच्या पाण्यात उभी असलेली ती मादी, आणि तिच्या घशात उतरणारा गोठवलेला परदेशी मासा. जाळीच्या पलीकडे, तिच्या नजरेच्या टप्प्यात, जिवंत मासळीची झुंडच्या झुंड चमकत होती.

तिसऱ्या प्रश्नाला तो थांबला. तरुण मादी इथेच जन्मली, तिची आई दुसऱ्या ठिकाणी हलवली आहे, असं म्हणाला. आणि हिची? नातीने टोकाकडे बोट दाखवलं. ती माझ्या आधीपासून आहे, तो म्हणाला.

आम्ही वर आलो तेव्हा पुढची नारिंगी जॅकेटं रांगेत उभी होती.

२५ डिसेंबर, बुधवार

हॉटेलात नाताळची धमाल. मी सकाळी लवकर उठून मुलाच्या टॅबवर वाचत बसले, झोप नीट लागलीच नव्हती.

मेक्सिकोने २००२ मध्ये आपल्या समुद्रातून असे प्राणी धंद्यासाठी पकडायला बंदी केली. पण २००३ मध्ये, पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवरून पकडलेले २८ डॉल्फिन विमानाने इथे कानकूनला आले. मोठी ओरड झाली, आणि २००६ मध्ये आयातही बंद झाली. म्हणजे आज इथल्या जाळ्यांत जे वयस्क आहेत त्यांतले काही मोकळ्या समुद्रात जन्मलेले असू शकतात. काल पाहिलेली कुठली, मला सांगता येणार नाही. पण प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते, लहानपणी ठरलेली, जिच्यावरून बाकीचे त्याला ओळखतात. आणि वीस वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या सोबत्याची शीळही डॉल्फिन ओळखतात, असं २०१३ मध्ये जेसन ब्रक या संशोधकाने दाखवलं. हे वाचल्यावर टॅब मिटला.

दुपारी नातीने समुद्राकडे पाय करून बसल्या बसल्या विचारलं, "आजी, मग त्यांना सोडून का देत नाहीत?"

मला खोटं सांगायचं नव्हतं, तिला उगाच हळवंही करायचं नव्हतं. दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली २००५ ची. कतरिना वादळात मिसिसिपीतल्या गल्फपोर्टच्या सागरप्राणी संग्रहालयाचा तलाव फुटला आणि आठ डॉल्फिन समुद्रात वाहून गेले. दीड आठवड्यांनी ते हवाई पाहणीत दिसले. आठही जण एकत्र, जखमी, भुकेले. त्यांना सांभाळणारी माणसं होडीतून गेली तेव्हा ते ओळखून जवळ आले. काही तलावातच जन्मलेले, शिकार त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. पुढे त्यांना बहामातल्या एका हॉटेलच्या तलावात नेलं.

दुसरी कोरियाची. जेजू बेटाजवळ जाळ्यात सापडलेले काही डॉल्फिन खेळ करणाऱ्यांना विकले गेले होते. तिथल्या न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. २०१३ मध्ये जेदोल, चुन्साम आणि साम्पाल अशा तिघांना आधी समुद्रातल्या जाळीत जिवंत मासे पकडायची सवय लावली, आणि तिथून ते मोकळ्या समुद्रात परतले. ते आपल्या कळपात मिसळले. २०१६ मध्ये साम्पाल आणि चुन्साम या दोघी पिल्लांसह दिसल्या.

"म्हणजे ज्यांना आई आठवते ते जाऊ शकतात," नात म्हणाली.

असं अगदी नाही, पण शास्त्राच्या दृष्टीने ती फार चुकली नाही. ज्याने रानात शिकार केली आहे त्याला परत नेता येण्याची आशा असते. जो टाकीतच जन्मला त्याला समुद्रात लोटणं म्हणजे टाकून देणं. त्याच्यासाठी करता येण्यासारखं एवढंच: मोठी, शांत खाडी, पुरेसं खाणं, डॉक्टर, आणि रोज येणाऱ्या माणसांच्या रांगांतून सुटका. आणि नवी पिल्लं जन्माला घालायची नाहीत. माझं मत इतकं साधं आहे, आणि ते मी मुलाला, सुनेलाही जेवताना सांगितलं. मुलाने विचारलं, "पण मग मुलांना प्राण्यांबद्दल प्रेम कसं वाटणार?" प्रश्न बरोबर आहे. काल पोरीला जे वाटलं ते चित्रातून वाटलं नसतं. पण फोटोंच्या काउंटरवर मी बघत होते. प्रत्येक फोटोत डॉल्फिन हसतोय, आणि ते हसू जबड्याच्या ठेवणीचं आहे. आजारी असो, कंटाळलेला असो, चेहरा तोच. त्या फोटोवरून मुलांना प्रेम शिकवायचं असेल तर आधी हे सांगावं लागेल.

२६ डिसेंबर, गुरुवार

उत्तरेकडचा वारा सुटला होता, पण अकुमालच्या खाडीत पाणी बऱ्यापैकी स्थिर. इथे कासवं बघायला नेतात. वाटाड्या बरोबर हवाच, जॅकेट हवंच, पायात फिन घालायचे नाहीत, दोरीने आखलेल्या मार्गाबाहेर जायचं नाही, हात लावायचा तर प्रश्नच नाही.

पहिला बराच वेळ काहीही दिसलं नाही. नुसतं समुद्री गवत. मुलगा गारठला, परत फिरायचं म्हणू लागला. मग वाटाड्याने खाली बोट केलं. एक मोठं हिरवं कासव गवत खुडत होतं. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. श्वासाला वर आलं, नातीपासून दोन-तीन हातांवर, नाक बाहेर काढून फुस्स केलं आणि पुन्हा खाली गेलं. चरत चरत दोरीच्या पलीकडे, गढूळ पाण्यात दिसेनासं झालं.

संध्याकाळी नातीने वहीत कासव काढलं, डॉल्फिन काढला, आणि मला विचारलं की तुझ्या समुद्रातले डॉल्फिन असेच दिसतात का? मी पाठीवरचा उंचवटा काढून दाखवला. आपल्या किनाऱ्याला मुख्यतः हे कुबडवाले. मच्छीमार त्यांना गादा म्हणतात, बोय माशांच्या मागे जाळ्यापर्यंत येतात आणि जाळं फाडतात म्हणून चार शिव्याही देतात. किनाऱ्यालगतच राहणारे, त्यामुळे जाळी, बोटी, सांडपाणी सगळं त्यांच्याच वाट्याला. जगभरात त्यांची जात संकटात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. "मग त्यांना बघायला मिळतं?" मिळतं. कधी मिळतं, कधी नाही.

५ जुलै २०२५, शनिवार, रत्नागिरी

पाऊस धो धो. काल रात्री सुनेने बातमी पाठवली, आज सकाळी नातीचा फोन. जूनच्या अखेरीस मेक्सिकोच्या संसदेने एकमताने कायदा केला: डॉल्फिन आणि इतर सागरी सस्तन प्राण्यांचे खेळ बंद, खेळांसाठी पैदास बंद, सिमेंटच्या तलावात असलेल्यांना समुद्रातल्या जाळ्यांत हलवायचं. तिथे बंदिस्त डॉल्फिन साडेतीनशेच्या आसपास आहेत. लोक या कायद्याला मिंचोचा कायदा म्हणतात. मिंचो हा त्याच किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातला डॉल्फिन, खेळात उंच उडी मारून पाण्याबाहेर जमिनीवर आदळला होता. ते दृश्य कुणीतरी चित्रित केलं आणि देशभर पसरलं.

नातीला एकच विचारायचं होतं. "आपली ती म्हातारी आता जाईल का घरी?"

नाही जाणार, मी सांगितलं. ती आधीच समुद्रातल्या जाळीत आहे, ती तिथेच राहील. पण आता नवी पिल्लं होणार नाहीत, त्या जाळीत जन्मलेल्या शेवटच्यांपैकी ती तरुण मादी. पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाली, "हे बरं आहे पण पुरेसं नाही." नऊ वर्षांची होती तेव्हा तिने डॉल्फिनच्या आईबद्दल विचारलं होतं, आता दहाची झाली. मी तिला म्हटलं, हेच वाक्य तुझ्या वहीत तारीख घालून लिहून ठेव.

डिसेंबरात सगळे इकडे येणार आहेत. मालवणला जायचं ठरलंय, देवबागहून होडीने. मागे तिथे पाहिलं होतं, एक पाठ दिसली की चार बोटी चारी बाजूंनी इंजिनं सोडतात. त्यात नावाड्यांचा तरी काय दोष, डॉल्फिन दिसले नाहीत तर गिऱ्हाईक पैशावरून हुज्जत घालतं. म्हणून ओळखीच्या होडीवाल्याला आजच फोन केला. पहाटे निघायचं, लांबून दिसले की इंजिन बंद करायचं, मागे लागायचं नाही. तो म्हणाला, "बाई, मग गॅरंटी नाय हां." मी म्हटलं, नको गॅरंटी. नाही आले तरी भाडं पूर्ण देईन, आणि दुसऱ्या दिवसाचीही होडी आत्ताच धरून ठेव.